विद्यापीठीय विद्यार्थ्यांची उन्हाळी सुट्टी : अंबरपेठच्या परिसरातून एक आढावा

प्रश्नाची व्याप्ती

विद्यापीठीय विद्यार्थ्यांची उन्हाळी सुट्टी म्हणजे दोन शैक्षणिक वर्षांमधला, कागदोपत्री सहा ते आठ आठवड्यांचा काळ. या काळात तासिका होत नाहीत आणि हजेरी लागत नाही, पण विद्यार्थ्याचे नाव विद्यापीठाच्या पटावर असते. त्यामुळे या दिवसांवर अनेकांचा दावा असतो. घरच्यांना मुलगा किंवा मुलगी गावी यायला हवी असते. विद्यापीठाला राहिलेला अभ्यासक्रम आणि परीक्षा उरकायच्या असतात. शासनाला तरुणांचे श्रम समाजोपयोगी कामाला लावावेसे वाटतात, तर उद्योगांना स्वस्त आणि शिकाऊ मनुष्यबळ हवे असते. स्वतः विद्यार्थ्याला विश्रांती, कमाई, पुढच्या परीक्षेची तयारी किंवा यातले काहीच नको असू शकते.

हा प्रश्न हैदराबादेतील अंबरपेठच्या परिसरात एकवटून दिसतो. मुसी नदीच्या उत्तरेला वसलेल्या या भागाला लागून विद्यानगर, नल्लकुंटा, शिवम रोड आणि अडिकमेट या वस्त्या आहेत. पलीकडे उस्मानिया विद्यापीठाचे विस्तीर्ण आवार आहे. वसतिगृहात जागा न मिळालेले किंवा ती नको असलेले विद्यार्थी या वस्त्यांत खोल्या आणि पीजी घेऊन राहतात. काचीगुडा स्थानक जवळ असल्याने निझामाबाद, नांदेड आणि मराठवाड्याकडे जाणाऱ्यांना हा भाग सोयीचा पडतो. सुलतान बाजार ते काचीगुडा हा जुन्या मराठी वस्तीचा पट्टाही लांब नाही. तारनाका आणि हबसीगुडा येथील राष्ट्रीय प्रयोगशाळा थोड्या किलोमीटरांवर आहेत. अभ्यास, नोकरीची तयारी आणि गावची ओढ या तिन्ही गोष्टी येथे एका बसच्या अंतरात आहेत.

पार्श्वभूमी : सुट्टीची लांबी कशी ठरली

भारतातील विद्यापीठांना दीर्घ सुट्टीची कल्पना इंग्लंडकडून मिळाली. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये दीर्घ सुट्टी ही स्वतंत्र वाचनाची वेळ मानली जाई. भारतात ती कडक उन्हाळ्यात बसवण्यात आली, कारण एप्रिल-मेच्या उष्म्यात वर्ग चालवणे अवघड होते. १९१८ मध्ये उर्दू माध्यमाने स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठानेही सुट्टीची पद्धत तीच ठेवली.

त्या काळी मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता आणि तेथील विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी राजधानीत यावे लागे. १९०० मध्ये पूर्ण झालेल्या हैदराबाद-मनमाड मीटरगेज मार्गाने त्यांची ये-जा चाले. संस्थान विलीन झाल्यावरही काही वर्षे हा संबंध टिकला. १९५० मध्ये सुरू झालेले नांदेडचे पीपल्स कॉलेजही सुरुवातीला उस्मानियाशी संलग्न होते. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि ही शैक्षणिक दोरी सुटली. सीमाभागातील मराठी विद्यार्थ्यांचा हैदराबादकडचा ओघ मात्र थांबला नाही.

स्वातंत्र्यानंतर सुट्टीची लांबी हा धोरणाचा विषय झाला. राधाकृष्णन आयोगाने (१९४८-४९) परीक्षेचे दिवस वगळून वर्षाला किमान १८० दिवस अध्यापन आणि सुमारे अकरा आठवड्यांची तीन सत्रे सुचवली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) महाविद्यालयांसाठी ३६ आठवड्यांचे अध्यापन मांडले, किरकोळ सुट्ट्या कमी करायला सांगितले आणि दीर्घ सुट्ट्यांचा पूर्ण वापर करण्याची शिफारस केली. अभ्यास, समाजसेवेची शिबिरे, उत्पादक कामाचा अनुभव आणि साक्षरता मोहिमा हे वापराचे मार्ग आयोगाने सुचवले होते. आजच्या चर्चेतील जवळपास सर्व पर्याय या यादीत आहेत.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतही ३० आठवडे, म्हणजे १८० दिवस, अध्यापनाची अट कायम आहे. व्यवहारात मात्र वार्षिक परीक्षेऐवजी सत्र पद्धत आल्यापासून सुट्टीचा आकार बदलला आहे. तेलंगणातील पदवी महाविद्यालयांत २०१६-१७ पासून श्रेयांकाधारित सत्र पद्धत लागू झाली. सम सत्राच्या परीक्षा मे-जूनपर्यंत लांबल्या की त्यानंतर प्रात्यक्षिके, बॅकलॉगचे पेपर आणि पुढच्या वर्षाची नोंदणी येते. एकसंध सुट्टीची जागा अशा वेळी तुकड्यातुकड्यांच्या मोकळ्या दिवसांनी घेतलेली असते. सुट्टीच्या उपयोगाविषयीची कोणतीही योजना या तुकड्यांवरच उभी राहते.

पहिला मार्ग : सेवा आणि श्रम

विद्यार्थ्यांचा मोकळा वेळ राष्ट्रकार्याला लावावा, ही या चर्चेतील सर्वांत जुनी संघटित भूमिका आहे. तिच्या इतिहासात अंबरपेठच्या शेजारच्या विद्यानगराशी नाते असलेले एक मराठी नाव येते. २८ ऑगस्ट १९५९ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय सेवेविषयी समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद चिंतामणराव देशमुख यांच्याकडे दिले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि माजी अर्थमंत्री असलेले देशमुख तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. शालान्त शिक्षण संपवून महाविद्यालयात जाणाऱ्या प्रत्येकाला नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची राष्ट्रीय सेवा असावी, असे समितीने सुचवले. तिच्यात काही लष्करी प्रशिक्षण, समाजसेवा, अंगमेहनत आणि सामान्य शिक्षण यांचा समावेश होता. खर्च आणि अंमलबजावणीतील अडचणी यांमुळे ही शिफारस स्वीकारली गेली नाही. देशमुखांचे उत्तरायुष्य हैदराबादेत गेले आणि १९८२ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई देशमुख यांनी उभारलेल्या आंध्र महिला सभेच्या शिक्षणसंस्था आजही विद्यानगरात आहेत.

देशमुख समितीनंतर के. जी. सैयदेन यांनी अन्य देशांतील युवक सेवा योजनांचा अभ्यास केला आणि स्वेच्छेचा मार्ग सुचवला. दरम्यान चीनयुद्धानंतर १९६३ मध्ये महाविद्यालयांत राष्ट्रीय छात्र सेना (एनसीसी) सक्तीची झाली. ती सक्ती १९६८ मध्ये उठली. या दोन्ही अनुभवांतून २४ सप्टेंबर १९६९ रोजी राष्ट्रीय सेवा योजना (एनएसएस) सुरू झाली. आरंभी ३७ विद्यापीठे आणि ४०,००० विद्यार्थी तिच्यात होते. वर्षाला १२० तासांचे नियमित काम आणि दोन वर्षांत एक सात दिवसांचे विशेष निवासी शिबिर, ही तिची आजची रचना आहे. १९८६ मध्ये प्रौढ साक्षरतेच्या मोहिमेत एनएसएसच्या स्वयंसेवकांना सुट्टीत उतरवण्यात आले. २०१८ मध्ये ‘स्वच्छ भारत समर इंटर्नशिप’ आली. १ मे ते ३१ जुलै या काळात गावात १०० तास काम करणाऱ्याला दोन श्रेयांक देण्याची तिच्यात सोय होती. सेवेला श्रेयांकाची जोड मिळाल्याने स्वेच्छा आणि सक्ती यांमधील रेषा पुसट झाली.

महाराष्ट्रात या मार्गाला शासनाबाहेरची परंपराही आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे बाबा आमटे यांनी सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून मे महिन्याच्या मध्यात आठवडाभर भरत आली आहे. पहाटेचे श्रमदान, दुपारची चर्चासत्रे आणि संध्याकाळचे सांस्कृतिक कार्यक्रम अशी तिची दिनचर्या असते. विदर्भाच्या ऐन उन्हात होणाऱ्या या छावणीतून पुढे सामाजिक कामात उतरलेल्या कार्यकर्त्यांच्या पिढ्या घडल्या. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेने २०१६ ते २०१९ या काळात एप्रिल-मेमधले ४५ दिवस जलसंधारणाच्या श्रमदानाला दिले. त्यात १ मे रोजी शहरी स्वयंसेवकही गावोगावी गेले. गडचिरोलीच्या शोधग्राममधील ‘निर्माण’ हा २००६ पासूनचा उपक्रम श्रमापेक्षा आयुष्याची दिशा शोधण्यावर भर देतो.

या मार्गाचे समर्थक सांगतात की वर्गात न मिळणारे समाजाचे दर्शन आणि वेगवेगळ्या थरांतील तरुणांची गाठ येथे पडते. टीकाकारांचा आक्षेप वेगळा आहे. आठ दिवसांच्या शिबिराने गावाचे काम थोडे होते आणि विद्यार्थ्याचे प्रमाणपत्र मोठे होते, असे त्यांचे म्हणणे आहे. स्थानिक संस्था वर्षभर काम करत असेल तेथे अशी शिबिरे फळतात आणि अन्यत्र ती प्रतीकात्मक राहतात, या निरीक्षणावर दोन्ही बाजूंचे बहुधा एकमत होते.

दुसरा मार्ग : अभ्यास आणि संशोधन

नेहमीच्या अभ्यासक्रमात न बसणारे शिकण्यासाठी सुट्टी वापरणे हा दुसरा मार्ग आहे. भारतात त्याची सुरुवात शिक्षक आणि संशोधकांच्या उन्हाळी शाळांपासून झाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९५० च्या दशकात रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने भरलेल्या भाषाविज्ञानाच्या शाळांनी देशातील आधुनिक भाषाविज्ञानाची एक पिढी तयार केली. पुण्यातच फिल्म इन्स्टिट्यूट आणि फिल्म अर्काइव्ह यांचा उन्हाळ्यातील चित्रपट रसास्वाद अभ्यासक्रम अनेक दशके चालला आहे.

विज्ञान आणि गणितात ही सोय अधिक पद्धतशीर आहे. बेंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी अन्य दोन राष्ट्रीय अकादम्यांच्या साथीने विद्यार्थ्यांना सुमारे आठ आठवड्यांची उन्हाळी संशोधन पाठ्यवृत्ती देते. गणिताच्या पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी एमटीटीएस हा कार्यक्रम १९९३ पासून चालू आहे. तो सुरू करणारे प्रा. एस. कुमारेसन मुंबई विद्यापीठात आणि नंतर हैदराबाद केंद्रीय विद्यापीठात होते. सिद्धता पाठ करण्याऐवजी प्रश्न विचारत गणित शिकवणे हे या वर्गांचे वैशिष्ट्य. मुंबईतील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा ‘एनआययूएस’ हा उपक्रम पदवीच्या पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्यांना संशोधनाशी जोडतो.

अंबरपेठच्या विद्यार्थ्याला भूगोलाचा मोठा लाभ आहे. पेशीय आणि रेण्वीय जीवशास्त्राची सीसीएमबी, भूभौतिकीची एनजीआरआय, रसायनतंत्रज्ञानाची आयआयसीटी आणि राष्ट्रीय पोषण संस्था या चारही राष्ट्रीय संस्था तारनाका ते उप्पल रस्त्याच्या टापूत आहेत. मानव्यविद्येच्या विद्यार्थ्याला तारनाक्याचे राज्य अभिलेखागार, अफझलगंजचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आणि उस्मानियाला लागून असलेले इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ जवळ आहे. मराठीच्या विद्यार्थ्यासाठी उस्मानियाचा मराठी विभाग, मराठी साहित्य परिषद, तिचे ‘पंचधारा’ हे नियतकालिक आणि शहरातील मराठी ग्रंथसंग्रह ही साधने आहेत. दख्खनी, तेलुगू आणि मराठी यांच्या देवघेवीचा, किंवा हैदराबादेतील मराठी संस्थांच्या इतिहासाचा अभ्यास करण्यासाठी एक सुट्टी पुरेशी ठरू शकते.

अडचण असते ती प्रवेशाची. राष्ट्रीय पाठ्यवृत्तीसाठी अर्ज अनेक महिने आधी करावा लागतो. शिक्षकांची शिफारसपत्रे लागतात आणि माहिती बहुधा इंग्रजीतच असते. नामांकित संस्थांतील विद्यार्थ्यांना हे वरच्या वर्गातील मुलांकडून कळते. तालुक्याच्या महाविद्यालयातून आलेल्याला ते कळेपर्यंत मुदत संपलेली असते. ‘स्वयम’ या २०१७ मध्ये सुरू झालेल्या शासकीय मंचाने घरबसल्या अभ्यासाची सोय केली. पण त्याची मुख्य सत्रे जानेवारी आणि जुलैत सुरू होत असल्याने श्रेयांकासाठी सुट्टीत त्याचा थेट उपयोग होत नाही. ध्वनिचित्रित व्याख्याने मात्र केव्हाही पाहता येतात.

तिसरा मार्ग : इंटर्नशिप आणि कामाचा अनुभव

गेल्या दशकात सर्वाधिक वाढलेला मार्ग इंटर्नशिपचा आहे. शिक्षण आणि काम आलटून पालटून करण्याची संघटित पद्धत १९०६ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी सुरू केली. भारतात १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यातील प्रशिक्षणाला चौकट दिली. तरी सामान्य पदवीचा विद्यार्थी या चौकटीबाहेरच राहिला.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नंतर चित्र पालटले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या पदवी आराखड्यात सुट्टीतील आठ आठवड्यांना ‘समर टर्म’ असे रूप देण्यात आले. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडू इच्छिणाऱ्याने उन्हाळ्यात चार श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण करावा, अशी अट तेथे आहे. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी चौथ्या सत्रानंतर ६० ते १२० तासांची इंटर्नशिप सांगितली आणि ३० तासांना एक श्रेयांक असा हिशेब घातला. महाराष्ट्रात पदव्युत्तर पहिल्या वर्षाच्या रचनेत चार श्रेयांकांचे ‘ओजेटी’ (प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षण) किंवा क्षेत्रीय प्रकल्प आले आहेत. तेलंगणात नव्या धोरणाची अंमलबजावणी त्याच वेगाने झालेली नाही. त्यामुळे नांदेडच्या विद्यार्थ्याला सुट्टीत जे श्रेयांकासाठी करावे लागते, ते अंबरपेठला राहणारा त्याचा मित्र बायोडेटासाठी करतो.

केंद्र सरकारची पंतप्रधान इंटर्नशिप योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. ती २१ ते २४ वयोगटासाठी, बारा महिन्यांची आणि सुरुवातीच्या आराखड्यानुसार दरमहा ५,००० रुपये साहाय्याची होती. पूर्णवेळ शिकणाऱ्यांना त्या आराखड्यात प्रवेश नसल्याने सुट्टीच्या प्रश्नाला तिने उत्तर दिले नाही.

इंटर्नशिपचे पाठीराखे तीन लाभ सांगतात. कामाच्या ठिकाणची शिस्त कळते, पुढील नोकरीची दारे किलकिली होतात आणि आपल्याला काय नको आहे तेही वेळीच उमगते. विरोधातील मुद्दे मुख्यतः दर्जा आणि न्याय यांविषयी आहेत. विद्यार्थ्यांच्या संख्येइतक्या चांगल्या जागा उद्योगांकडे नाहीत. हैदराबादेतील माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या शहराच्या पश्चिम टोकाला, माधापूर-गच्चीबावली भागात आहेत. अंबरपेठहून तेथे रोज जाण्यायेण्यात बराच वेळ आणि पैसा जातो. स्टायपेंड नसेल तर हा खर्च घरून मिळणाऱ्यालाच इंटर्नशिप परवडते. सक्ती वाढली की प्रत्यक्ष काम न करता पैसे मोजून प्रमाणपत्र मिळवण्याची वाटही रुंदावते, अशी चिंता शिक्षक व्यक्त करतात.

चौथा मार्ग : कमाई

अनुभवासाठीचे काम आणि पोटासाठीचे काम यांत फरक करणे अनेक विद्यार्थ्यांना शक्य नसते. पुढच्या वर्षाचे खोलीभाडे आणि मेसचे पैसे सुट्टीतच उभे करायचे असतात. महाराष्ट्रात या गरजेला शैक्षणिक प्रतिष्ठा देण्याचे श्रेय कर्मवीर भाऊराव पाटील यांना जाते. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापली. १९४७ मध्ये साताऱ्यात सुरू झालेले छत्रपती शिवाजी कॉलेज स्वकष्टाने शिकण्याच्या तत्त्वावर उभे राहिले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना कर्मवीरांच्याच नावाने चालते.

हैदराबादेत सुट्टीतील कमाईचे नेहमीचे मार्ग म्हणजे शिकवण्या, दुकानांतील हंगामी कामे, केटरिंगमध्ये वाढपी, लग्नसराईतील सजावट, डेटा एन्ट्री आणि अलीकडे अॅपवरून मिळणारी डिलिव्हरी व बाइक-टॅक्सी. शेतकरी कुटुंबांतील विद्यार्थी गावी जाऊन पेरणीपूर्व मशागतीला हातभार लावतात. त्या श्रमाची नोंद कोणत्याही बायोडेटात होत नाही. अॅपवरील काम लगेच मिळते आणि वेळ स्वतः ठरवता येते. मात्र एप्रिल-मेच्या दुपारी पारा ४० अंशांपुढे असताना दुचाकीवर फिरणे धोक्याचे असते, आणि अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची हे अनेकदा संदिग्ध राहते. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ने अशा कामगारांची कायद्यात प्रथमच दखल घेतली. सुट्टीपुरते काम करणाऱ्या विद्यार्थ्यापर्यंत तिचा लाभ कसा पोहोचावा, हा पुढचा प्रश्न आहे.

पाचवा मार्ग : स्पर्धा परीक्षा आणि छोटे अभ्यासक्रम

उस्मानियाच्या परिसरात सुट्टीचा सर्वांत ठळकपणे दिसणारा उपयोग म्हणजे स्पर्धा परीक्षांची तयारी. अशोकनगर आणि चिक्कडपल्ली भागातील शिकवणी वर्ग, अभ्यासिका आणि शहर मध्यवर्ती ग्रंथालय येथे उन्हाळ्यात जागा मिळणे कठीण होते. राज्य सेवांच्या ‘ग्रुप’ परीक्षा, पोलीस भरती, बँका आणि केंद्रीय सेवा हे मुख्य लक्ष्य असते. शासनाची मागासवर्गीयांसाठीची स्टडी सर्कलही हेच काम करतात. संगणकाचे छोटे अभ्यासक्रम करणाऱ्यांची गर्दी अमीरपेठेत असते. जावा, पायथन, टेस्टिंग आणि क्लाउड यांचे काही आठवड्यांचे वर्ग तेथे चालतात आणि त्यांची फी मोठ्या संस्थांपेक्षा कमी असते.

या तयारीमागचे तर्कशास्त्र साधे आहे. पदवीने नोकरीची हमी मिळत नाही, म्हणून पदवी चालू असतानाच दुसरी वाट तयार ठेवायची. शिक्षणतज्ज्ञांचा आक्षेप असा की पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून प्रत्येक सुट्टी सामान्यज्ञानाच्या पाठांतरात गेली, तर मूळ विषय मागे पडतो. जागा थोड्या आणि उमेदवार फार असल्याने बहुतेकांच्या हाती शेवटी फक्त खर्च झालेला वेळ उरतो. विद्यार्थ्यांची बाजू अशी की सरकारी नोकरी ही त्यांच्या घरांसाठी पिढीची उडी असते आणि त्या शक्यतेसमोर अन्य पर्याय चैनीचे वाटतात.

सहावा मार्ग : घर, विश्रांती आणि मोकळे वाचन

सुट्टी ही सुट्टीच असावी, असे म्हणणारेही आहेत. त्यांच्या मते सत्र पद्धतीत वर्षभर चाचण्या, प्रकल्प आणि सादरीकरणे चालू असतात. त्यानंतर मनाला रिकामा वेळ लागतो. गावची लग्ने, यात्रा, आंब्याचे दिवस, आजी-आजोबांचा सहवास आणि शेताची ओळख यांतूनही तरुण माणूस घडतो. हैदराबादेत उर्दूमिश्रित हिंदी, तेलुगू आणि इंग्रजीत वर्ष घालवणाऱ्या सीमाभागातील विद्यार्थ्याचा मराठीशी रोजचा संबंध बहुधा याच आठवड्यांत पुन्हा जुळतो. ट्रेकिंग, गिर्यारोहणाचे प्राथमिक अभ्यासक्रम, संगीत, नाटक आणि अवांतर वाचन हेही या गटात येतात.

या मताविरुद्ध दिला जाणारा पुरावा बहुतांशी शालेय मुलांविषयीचा आहे. हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये अमेरिकेतील ३९ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. उन्हाळी सुट्टीत मुलांचे शिकणे सरासरी महिनाभराने मागे जाते आणि वाचनात गरीब घरांतील मुलांचे नुकसान अधिक होते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढील काळात पॉल व्हॉन हिपेल यांच्यासारख्या संशोधकांनी हे आकडे वापरलेल्या चाचण्यांवर अवलंबून असल्याचे दाखवले. वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला हे निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत.

मतभेदाचे मुख्य धागे

या सहा मार्गांमागे तीन भूमिका स्पष्ट दिसतात. पहिल्या भूमिकेनुसार विद्यार्थ्याचे शिक्षण समाजाच्या खर्चाने होते, म्हणून सुट्टीतील काही वेळ समाजाला देणे हे त्याचे कर्तव्य आहे. देशमुख समिती, कोठारी आयोग आणि श्रमसंस्काराची परंपरा या भूमिकेजवळ आहेत. दुसरी भूमिका सुट्टीकडे शिक्षण आणि रोजगार यांतील पूल म्हणून पाहते. श्रेयांक, इंटर्नशिप आणि कौशल्य अभ्यासक्रम ही तिची साधने. तिसरी भूमिका हा वेळ विद्यार्थ्याचा स्वतःचा मानते आणि संस्थेने फक्त संधींची माहिती व सोयी पुरवाव्यात, असे म्हणते.

प्रत्येक भूमिकेची मर्यादा अनुभवाने पुढे आली आहे. सक्तीच्या सेवेची शिफारस खर्च आणि व्यवस्थापन यांमुळे स्वीकारली गेली नाही, आणि सक्तीची एनसीसी पाच वर्षांत मागे घ्यावी लागली. श्रेयांकाच्या इंटर्नशिपसाठी देखरेख करणारे प्राध्यापक आणि घेणाऱ्या संस्था पुरेशा लागतात. पूर्ण स्वातंत्र्यात ज्याच्याकडे पैसा, ओळखी आणि माहिती आहे तो पुढे जातो. चर्चा त्यामुळे एका भूमिकेच्या विजयाकडे न जाता प्रमाण ठरवण्याकडे सरकली आहे : किती तास बांधलेले असावेत आणि किती मोकळे.

अनिर्णित प्रश्न

काही प्रश्न अजून सुटलेले नाहीत. पहिला निवासाचा. सुट्टीत वसतिगृहे आणि मेस बंद झाल्या तर प्रयोगशाळेत किंवा ग्रंथालयात काम करू इच्छिणाऱ्या गरीब विद्यार्थ्याची संधी जाते. उस्मानियात मे २०२४ मध्ये वसतिगृहे व मेस बंद ठेवण्याच्या सूचनेवरून वाद झाला. पाणी व विजेची टंचाई हे त्यातले मुख्य कारण होते. प्रशासनाला डागडुजी आणि टंचाईचा विचार करावा लागतो, तर परीक्षार्थींना राहायला दुसरी जागा नसते. बाहेरच्या खोल्यांचे भाडे सुट्टीतही चालूच राहते.

दुसरा प्रश्न मोबदल्याचा. श्रेयांकासाठी केलेल्या कामाला किमान स्टायपेंड असावा का, आणि तो संस्थेने, उद्योगाने की शासनाने द्यावा, यावर सहमती नाही. तिसरा प्रश्न विद्यार्थिनींचा. रात्रीचा प्रवास, दूरच्या शिबिराला घरून परवानगी आणि सुट्टीत घरकामाचा वाढता भार यांमुळे कागदावर सारख्या असलेल्या संधी प्रत्यक्षात सारख्या राहत नाहीत. चौथा प्रश्न उन्हाचा. श्रमदान, सर्वेक्षण आणि डिलिव्हरी ही तिन्ही कामे वर्षातील सर्वांत तापलेल्या आठवड्यांत येतात, आणि उन्हाळे तीव्र होत असताना कामाच्या वेळांचे नियम तयार झालेले नाहीत. पाचवा प्रश्न वेळापत्रकाचा. परीक्षा व निकाल ठरलेल्या तारखांना न लागल्यास आठ आठवड्यांची ‘समर टर्म’ कागदावरच राहते.

सद्यस्थिती

उपलब्ध अनुभवावरून काही मर्यादित निष्कर्ष काढता येतात. वर्षभर चालणाऱ्या संस्थेला जोडलेले सेवाकार्य, मार्गदर्शक असलेले संशोधन आणि मोबदला देणारी इंटर्नशिप यांचे फळ बऱ्यापैकी खात्रीचे असते. प्रमाणपत्रापुरती शिबिरे आणि देखरेखीविना दिलेले श्रेयांक यांचे फळ संशयास्पद आहे. पदवीच्या तीन वर्षांत मिळणाऱ्या दोन मोठ्या सुट्ट्यांपैकी एक कामाला किंवा संशोधनाला आणि दुसरी घर, वाचन व विश्रांती यांना देणे, अशी विभागणी अनेक मार्गदर्शक शिक्षक सुचवतात. आर्थिक गरज असलेल्यांना ती जशीच्या तशी पाळता येत नाही.

विद्यापीठांच्या हातात असलेल्या उपायांना फार खर्च नाही. परीक्षांच्या तारखा वर्षारंभी जाहीर करून पाळाव्यात. पाठ्यवृत्ती आणि शिबिरांची माहिती नोव्हेंबरपूर्वी प्रादेशिक भाषांतून द्यावी. काम किंवा संशोधन करणाऱ्यांसाठी किमान एक वसतिगृह व एक मेस उन्हाळ्यात चालू ठेवावी. या तीन गोष्टी झाल्या, तर सेवा, संशोधन, कमाई की विश्रांती ही निवड विद्यार्थ्याच्या परिस्थितीऐवजी त्याच्या इच्छेवर अधिक अवलंबून राहील. तोपर्यंत उन्हाळी सुट्टी सर्वांना सारखीच मिळते, असे म्हणता येणार नाही.